ॲपच्या बाजारातली अडत: कमिशन रास्त आहे की नाही, हे कसे ओळखावे

ॲप स्टोअरचे कमिशन म्हणजे मोबाइलवर विकल्या जाणाऱ्या डिजिटल मालाच्या किमतीतून दुकानाच्या मालकाने कापून घेतलेला वाटा. भारतात अशी मोठी दुकाने दोनच आहेत: आयफोनवर ॲपलचे ॲप स्टोअर आणि अँड्रॉइड फोनवर गूगलचे प्ले स्टोअर. ॲपलचे दुकान 10 जुलै 2008 रोजी सुमारे 500 ॲप घेऊन उघडले. विक्रीतले 70 टक्के ॲप बनवणाऱ्याला आणि 30 टक्के ॲपलला ही वाटणी तेव्हाच ठरली. पुढे गूगलनेही तोच आकडा उचलला. त्या काळी फोनवर विकण्यासारखा माल थोडा होता, त्यामुळे तक्रारही फारशी नव्हती. आता अंधेरीतली मालिका बनवणारी कंपनी, बोरिवलीतला अकरावी-बारावीचा क्लास, मुलुंडची गायनशाळा, घाटकोपरमध्ये घरून योगवर्ग चालवणारी शिक्षिका, सगळेच फोनवरून काहीतरी विकू पाहतात. दूर अमेरिकेत ठरलेला हा दर त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत येऊन बसतो.

कमिशन प्रत्येक व्यवहारावर लागत नाही, आणि लहान व्यावसायिकाचा पहिला गोंधळ इथेच होतो. ज्या वस्तूचा किंवा सेवेचा उपभोग फोनच्या बाहेर घेतला जातो, तिच्यावर कमिशन नाही. जी ॲपच्या आतच वापरली जाते, तिच्यावर आहे. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहातल्या प्रयोगाचे तिकीट ॲपवर विकले, तर त्यातला एक रुपयाही ॲपल किंवा गूगलकडे जात नाही, कारण प्रेक्षक प्रत्यक्ष खुर्चीत जाऊन बसतो. त्याच नाटकाचे चित्रीकरण ॲपमध्ये पैसे घेऊन दाखवले, की तो डिजिटल माल ठरतो. क्लासने वर्गात येणाऱ्या मुलांची फी ॲपमधून घेतली तर ती मोकळी. आधी चित्रित करून ठेवलेल्या तासांची फी घेतली तर कमिशनपात्र. किराणा, डबा, टॅक्सी आणि विजेचे बिल पहिल्या बाजूला येतात. ई-पुस्तके, ऑडिओ कथा, खेळातली नाणी, जाहिरातींशिवाय वापर आणि लग्नाची स्थळे पाहण्याचे सशुल्क सदस्यत्व दुसऱ्या बाजूला येतात. ॲपलच्या नियमात आणखी एक बारकावा आहे. एका शिक्षकाने एकाच विद्यार्थ्याला थेट शिकवले, तर पैसे ॲपलच्या व्यवस्थेबाहेर घेता येतात. त्याच शिक्षकाने एका वेळी दहा जणांना शिकवले, तर ॲपलचीच व्यवस्था वापरावी लागते. पेटी किंवा तबला शिकवणाऱ्याने ॲप बनवून घेण्याआधी आपली शिकवणी कोणत्या प्रकारात बसते, हे बनवणाऱ्याकडून लेखी समजून घ्यावे. नंतर रचना बदलायची तर खर्च दुप्पट होतो.

दरही आता सरसकट 30 टक्के राहिलेला नाही. ॲपलने जानेवारी 2021 पासून वर्षाला 10 लाख डॉलरपर्यंत कमाई असलेल्यांसाठी दर 15 टक्क्यांवर आणला. गूगलने जुलै 2021 पासून वर्षाच्या पहिल्या 10 लाख डॉलरच्या विक्रीवर 15 टक्के लावले, आणि जानेवारी 2022 पासून नियमित वर्गणीवर पहिल्या दिवसापासून 15 टक्के. ॲपलवर मोठ्या कंपनीच्या वर्गणीला पहिल्या वर्षी 30 टक्के, आणि तोच ग्राहक वर्षभर टिकला की पुढे 15 टक्के पडतात. उपनगरातला बहुतेक लहान धंदा 15 टक्क्यांच्याच पायरीवर बसतो. मात्र लहान व्यावसायिकांची ही सवलत आपोआप लागू होत नाही. ॲपलकडे लहान उद्योगांच्या योजनेत नाव नोंदवावे लागते, आणि गूगलकडे आपल्या मालकीची सगळी खाती जाहीर करून सवलतीची पायरी मागून घ्यावी लागते. ॲप बनवून देणारे काही जण हे काम विसरतात आणि मालक महिनोन्महिने दुप्पट कमिशन भरत राहतो. खात्याचा तपशील मालकाने एकदा स्वतः उघडून पाहावा. याशिवाय खाते उघडण्याचे शुल्क वेगळे: गूगलचे एकदाच 25 डॉलर, ॲपलचे दरवर्षी 99 डॉलर.

आकड्यांत मांडले की चित्र स्पष्ट होते. एखाद्या क्लासने वर्षाला 499 रुपये वर्गणी ठेवली आणि 1,000 विद्यार्थी मिळाले, तर विक्री 4,99,000 रुपये. प्ले स्टोअरच्या व्यवस्थेतून पैसे घेतले तर 15 टक्क्यांनी 74,850 रुपये कमिशन. भारतात गूगलने दुसरा मार्गही ठेवला आहे. त्यात ग्राहकासमोर गूगलची आणि विक्रेत्याची अशा दोन्ही पैसे भरण्याच्या पद्धती येतात, आणि त्याने दुसरी निवडली तर कमिशन 4 टक्क्यांनी कमी होते. म्हणजे 11 टक्के, 54,890 रुपये. पण मग पैसे स्वीकारणाऱ्या गेटवेचे शुल्क वर पडते. ते साधारण 2 टक्के धरले तर 9,980 रुपये. एकूण 64,870. सगळ्या खटाटोपातून वाचले वर्षाला दहा हजारांच्या आतच. त्याऐवजी तेच 1,000 विद्यार्थी क्लासच्या संकेतस्थळावर पैसे भरून ॲपमध्ये फक्त लॉगिन करतात असे धरले, तर खर्च गेटवेपुरताच राहतो. जीएसटीचा हिशेब या तिन्ही मार्गांत वेगळा होतो. तो वर्गणीची रक्कम ठरवण्याआधी सीएकडून करून घ्यावा, कारण एकदा जाहीर केलेली किंमत वाढवणे अवघड असते.

आता मूळ प्रश्न: हे कमिशन रास्त आहे का? मुंबईत हा प्रश्न जास्त टोचतो, त्याला कारण यूपीआय आहे. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतला जाणारा बँकेचा आकार शून्य आहे. घाटकोपर स्टेशनबाहेरचा वडापाववाला 20 रुपये घेतो आणि 20 रुपयेच त्याच्या खात्यात पडतात. मग फोनवरच्या 100 रुपयांतले 15 किंवा 30 का जावेत? ही तुलना मनाला पटते, पण पुरी बरोबर नाही. ॲपल आणि गूगल म्हणतात की हा आकार केवळ पैसे वळते करण्याचा नाही. ॲपची तपासणी, घातक ॲप रोखणे, जगभरच्या फोनवर ते पोहोचवणे, नव्या आवृत्त्या वाटणे, बनवणाऱ्यांसाठीची साधने, या सगळ्याचा तो मोबदला आहे. यात तथ्य आहे. बोरिवलीत बसून बनवलेले ॲप त्याच दिवशी बोस्टनमधल्या मराठी कुटुंबाच्या फोनवर जाते, आणि त्यासाठी बनवणाऱ्याला कुठेही गाळा घ्यावा लागत नाही.

तरीही या युक्तिवादाला एक मोठे छिद्र आहे. तपासणी आणि वाटप ही सेवा टॅक्सीच्या आणि जेवण पोहोचवणाऱ्या ॲपलाही तेवढीच मिळते. कोट्यवधी लोक ती ॲप उतरवून घेतात, आणि त्यांच्या व्यवहारांवर कमिशन शून्य. गूगलने स्वतःच मार्च 2024 मध्ये सांगितले की प्ले स्टोअर वापरणाऱ्या दोन लाखांहून अधिक भारतीय ॲपकर्त्यांपैकी फक्त 3 टक्क्यांना सेवाशुल्क द्यावे लागते, आणि 15 टक्क्यांहून जास्त दर लागू असलेले 60 पेक्षाही कमी आहेत. गूगलने हे आकडे आपल्या उदारपणाचा पुरावा म्हणून दिले. त्यांचा दुसरा अर्थही तितकाच खरा आहे: साऱ्या बाजाराचा खर्च कथा, गाणी, शिकवणी आणि खेळ विकणाऱ्या मूठभरांच्या माथी आहे. सेवेचा खर्च आणि आकारणी यांचा मेळ बसत नाही. जिथे वसूल करता येते तिथून वसुली होते, असेच म्हणावे लागते.

मराठी माणसाला अशा वसुलीची ओळख करून द्यावी लागत नाही. बाजार समितीतली अडत अनेक पिढ्यांनी पाहिली आहे. शेतकरी वाशीच्या बाजारात माल आणायचा, अडत्या तो विकून द्यायचा आणि आपला टक्का शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचा. अडत्या काहीच करत नव्हता असे नाही. तो गिऱ्हाईक आणायचा, उधारीची जोखीम घ्यायचा, कधी उचलही द्यायचा. शेतकऱ्याचे दुखणे टक्क्याहून मोठे होते. नियमन केलेला माल बाजार समितीच्या व्यवस्थेबाहेर विकण्याची वाटच अरुंद होती. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला नियमनातून मोकळा केला, आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरवले. व्यापाऱ्यांनी बाजार बंद ठेवले, पण निर्णय टिकला. मुंबईत शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरू लागले. वाशीचा बाजारही चालूच राहिला, कारण मोठ्या मालाला अडत्या लागतोच. एका दराची किंमत तेव्हाच कळते, जेव्हा तो न देता विकण्याची दुसरी खरी वाट समोर असते.

म्हणून ॲप स्टोअरचा दर तपासताना टक्क्याच्या आधी वाट पाहावी. भारतातल्या शंभर स्मार्टफोनपैकी नव्वदहून अधिक अँड्रॉइडवर चालतात, आणि त्यांत प्ले स्टोअर आधीपासून बसवलेले असते. दुसरे दुकान उघडायला कायद्याने मनाई नाही. पण ते दुकान ग्राहकाला प्ले स्टोअरमध्ये मिळत नाही. ते फोन कंपनीने आधीच बसवलेले असावे लागते, नाहीतर संकेतस्थळावरून उतरवताना पडद्यावर येणाऱ्या धोक्याच्या सूचना ओलांडाव्या लागतात. आयफोनवर भारतात तेवढीही सोय नाही. त्यानंतर पाहायचे ते हे की दुकानदार स्वतःच तो माल विकतो का. ॲपल संगीत आणि चित्रपट विकते, गूगल यूट्यूब चालवते. स्पर्धकाकडून 15 ते 30 टक्के घ्यायचे आणि स्वतःच्या मालाला तो खर्च नाही, अशी ही स्थिती आहे. आणि शेवटी, नियम मोडल्याचा ठपका आला तर ऐकून घेणारा कोण? दुकानाचा मालकच फिर्यादी, न्यायाधीश आणि अंमलदार असेल, तर 5 टक्के दरसुद्धा भीतीचाच ठरतो.

ही भीती पोकळ नाही, हे मुंबईने 1 मार्च 2024 रोजी पाहिले. त्या शुक्रवारी गूगलने दहा भारतीय कंपन्यांची ॲप प्ले स्टोअरवरून काढायला सुरुवात केली. त्यांत मुंबईचे शादी डॉट कॉम होते. मराठीसह अनेक भाषांत ऑडिओ कथा ऐकवणारे कुकू एफएम होते. अंधेरी पश्चिमेच्या बालाजी टेलिफिल्म्सचे ऑल्ट होते. चेन्नईच्या ज्या कंपनीचे मराठी मॅट्रिमनीही आहे, त्या भारत मॅट्रिमनीची ॲप होती. नोएडाच्या इन्फो एजची नोकरी आणि नाइन्टीनाइन एकर्स होती. ज्यांच्या फोनवर ही ॲप आधीपासून होती, त्यांची चालू राहिली. नव्या माणसाला मात्र ती शोधून सापडत नव्हती. स्थळे जमवणाऱ्या किंवा कथा विकणाऱ्या धंद्यात रोज येणारा नवा ग्राहक हाच प्राण असतो, त्यामुळे दुकानाचे शटर अर्धे ओढले तरी नुकसान पुरे होते.

गूगलची बाजू अशी की या कंपन्या वर्षानुवर्षे सेवा वापरूनही शुल्क देत नव्हत्या, त्यांना तीन वर्षांहून अधिक मुदत मिळाली होती, आणि इतर सगळे देत असताना काहींनाच सूट देणे अन्यायाचे ठरले असते. कायद्याच्या अंगानेही तेव्हा गूगलला अडथळा नव्हता. मद्रास उच्च न्यायालयात कंपन्यांच्या याचिका टिकल्या नव्हत्या, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम संरक्षण नाकारले होते. कंपन्यांचे म्हणणे असे की दर मान्य नाही म्हणून तर दाद मागितली, आणि अपील चालू असताना दुकानातून काढून टाकणे हा दबाव आहे. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी ॲप काढणे चालणार नाही असे जाहीर केले. चर्चा झाल्या. इन्फो एजने ॲपमध्ये विक्री न करण्याचा मार्ग घेऊन आपली ॲप परत आणली. 5 मार्चला गूगलने उरलेल्यांनाही तात्पुरते परत घेण्याचे मान्य केले, मात्र शुल्काची बिले चालू राहतील असे सांगून.

या घटनेत उपनगरातल्या लहान व्यावसायिकाने नीट पाहावी अशी एक गोष्ट आहे. ॲप परत आली ती कंपन्या मोठ्या होत्या, दहा जण एकत्र होते आणि मंत्र्याने फोन उचलला म्हणून. मुलुंडच्या एखाद्या गायनशाळेचे ॲप एका सकाळी काढले गेले, तर तिच्यासाठी दिल्लीत बैठक होणार नाही. तिच्याकडे येईल तो यंत्राने पाठवलेला ईमेल आणि आत एक फॉर्म. मोठ्यांवरही अशी वेळ अचानक येते: 18 सप्टेंबर 2020 रोजी पेटीएमसारखे ॲप गूगलने काही तासांसाठी काढले होते. लेखकाच्या मते या साऱ्या वादातला खरा अन्याय टक्क्यापेक्षा इथे आहे. दर जास्त असेल तर किंमत वाढवून किंवा नफा कमी करून माणूस तग धरतो. एका बाजूच्या निर्णयाने ग्राहकापर्यंतचा रस्ता बंद होतो, तेव्हा तग धरायलाच काही उरत नाही.

भारतातल्या यंत्रणांनी या प्रश्नात लक्ष घातले आहे, पण निकाल सावकाश लागतात. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑक्टोबर 2022 रोजी गूगलला 936.44 कोटी रुपये दंड केला. प्ले स्टोअरवर विकणाऱ्यांना गूगलचीच पैसे घेण्याची पद्धत सक्तीची करणे हा वर्चस्वाचा गैरवापर ठरवला. त्याच्या पाचच दिवस आधी अँड्रॉइडविषयीच्या वेगळ्या प्रकरणात 1,337.76 कोटींचा दंड झाला होता. प्ले स्टोअरच्या आदेशावरच्या अपिलात राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने 28 मार्च 2025 रोजी गैरवापराचा निष्कर्ष राखला, पण दंड 216.69 कोटींवर आणला. अँड्रॉइडच्या प्रकरणात मार्च 2023 मध्ये दंड कायम राहिला, तरी प्ले स्टोअरमध्ये इतर दुकानांना जागा देण्याचा आदेश मात्र रद्द झाला. लहान व्यावसायिकाच्या दृष्टीने दंडाच्या रकमेपेक्षा हा रद्द झालेला भाग महत्त्वाचा होता. दरम्यान शादी डॉट कॉम, कुकू एफएम आणि प्रसारकांच्या संघटनांच्या तक्रारींवरून आयोगाने 15 मार्च 2024 रोजी गूगलच्या 11 आणि 26 टक्क्यांच्या (15 आणि 30 मधून 4 वजा) नव्या पद्धतीचीही चौकशी करायला सांगितले. ॲपलविरुद्धची चौकशी 31 डिसेंबर 2021 च्या आदेशाने सुरू झाली. ती तक्रार राजस्थानातल्या एका संस्थेची होती.

परदेशातले अनुभव एका मुद्द्यापुरते उपयोगी आहेत. दार उघडायला लावले की दुकानदार उंबरठ्यावर टोल बसवतो. अमेरिकेत एपिक या गेम कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने 2021 मध्ये ॲपलला बाहेरच्या खरेदीचा दुवा दाखवू द्यायला सांगितले. अपिले संपल्यावर ॲपलने दुवा दाखवू दिला, आणि त्यावरून होणाऱ्या खरेदीवर 27 टक्के आकार लावला. एप्रिल 2025 मध्ये न्यायाधीशांनी याला आदेशाची जाणूनबुजून पायमल्ली म्हटले. युरोपीय संघाने नव्या डिजिटल बाजार कायद्याखाली त्याच महिन्यात ॲपलला 50 कोटी युरो दंड केला, तोही ॲपकर्त्यांना ग्राहकांना बाहेरची स्वस्त वाट सांगू न दिल्याबद्दल. दक्षिण कोरियाने 2021 मध्येच कायदा करून एकाच पद्धतीची सक्ती बंद केली, तेव्हाही पर्यायी पद्धतीवर थोडेसेच कमी शुल्क लावले गेले. भारतातली 4 टक्क्यांची सूट याच घराण्यातली आहे. कागदावर पर्याय, हिशेबात जवळजवळ तेच.

म्हणून कायदा बदलण्याची वाट न पाहता व्यावसायिकाने आपल्या हातातले करावे. पहिली गोष्ट ग्राहकांची वही. दुकानातून पैसे घेतले तर ग्राहकाशी पैशाचा संबंध दुकानाचा राहतो, विक्रेत्याला अनेकदा त्याचे नावसुद्धा कळत नाही. त्यामुळे ॲपमध्ये नोंदणी करताना ग्राहकाच्या संमतीने त्याचा मोबाइल क्रमांक किंवा ईमेल घ्यावा, आणि ती यादी ॲपबाहेर जपून ठेवावी. ॲप काढले गेले तर त्याच दिवशी संदेश पाठवता आला पाहिजे. दुसरी गोष्ट संकेतस्थळ. साधे, मराठीत, मोबाइलवर उघडणारे, यूपीआयने पैसे घेणारे. पुस्तके, संगीत, ऑडिओ आणि चित्रफिती देणाऱ्या ॲपना बाहेर विकत घेतलेला माल लॉगिन करून वापरू देण्याची मुभा दोन्ही दुकानांत आहे. अमेझॉनने अँड्रॉइडवरच्या किंडल ॲपमधून पुस्तकांची विक्री 2022 मध्ये बंद केली, ती याच हिशेबाने. पुस्तक संकेतस्थळावर घ्यायचे आणि ॲपमध्ये वाचायचे. मात्र ॲपच्या आत ‘आमच्या संकेतस्थळावर स्वस्त मिळेल’ असे लिहिण्यावर बंधने आहेत. ती ओलांडली तर ॲप निघू शकते. हे वाक्य वर्गाच्या फळ्यावर, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात, छापील पत्रकावर किंवा बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यमंदिरातल्या मध्यंतराच्या घोषणेत सांगायला कोणाचीही हरकत नाही. उपनगरातल्या धंद्याचा ग्राहक बहुधा चालत जाण्याच्या अंतरावरचा असतो. त्याला जगभरच्या दुकानातूनच गाठले पाहिजे असे नाही.

पुष्कळदा ॲपची गरजच नसते. नोट्स, वेळापत्रक आणि थोड्या चित्रफिती द्यायच्या असतील तर फोनच्या ब्राउझरमध्ये चालणारे पान पुरते, आणि त्याची खूण फोनच्या पहिल्या पडद्यावर ठेवता येते. दोन-चार लाख खर्चून ॲप बनवणाऱ्यांनी आधी सहा महिने असे पान चालवून पाहावे. ॲप हवेच असेल, तर मुदतीचा अंदाज नीट धरावा. 2023 च्या नोव्हेंबरनंतर वैयक्तिक नावाने प्ले स्टोअरचे खाते उघडणाऱ्याला आधी चाचणीसाठी माणसे जमवावी लागतात. सुरुवातीला 20 लागत, डिसेंबर 2024 पासून 12, आणि त्यांनी सलग 14 दिवस चाचणीत सहभागी राहायचे असते. क्लासच्या विद्यार्थ्यांमधून ही संख्या सहज जमते, पण जूनमध्ये वर्ग सुरू होणार असतील तर तयारी एप्रिलमध्येच हवी. खाते नेहमी स्वतःच्या किंवा संस्थेच्या नावाने उघडावे, ॲप बनवणाऱ्याच्या नावाने कधीही नाही. भांडण झाले की ॲप, ग्राहक आणि पैसे तिन्ही त्याच्याकडे राहतात.

पर्यायी दुकानांत इंडसचे उदाहरण मुंबईकरांच्या जवळचे आहे. इंडस ओएस हा पवईच्या आयआयटीतून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांचा उपक्रम होता, आणि भारतीय भाषांत चालणारा फोन हे त्याचे सुरुवातीचे काम. पुढे ती कंपनी फोनपेने घेतली. त्यातून 21 फेब्रुवारी 2024 रोजी इंडस ॲपस्टोअर आले, म्हणजे गूगलने दहा कंपन्यांची ॲप काढली त्याच्या नऊच दिवस आधी. मराठीसह 12 भारतीय भाषांत ते चालते, आणि विक्रेत्याने स्वतःची पैसे घेण्याची पद्धत वापरली तर ॲपमधल्या विक्रीवर कमिशन नाही असे त्याचे धोरण जाहीर झाले. तिथे ॲप ठेवायला फारसा खर्च नाही, तेव्हा ठेवावे. ग्राहक मात्र आपोआप येतील असे धरू नये. वर सांगितलेली अरुंद वाट तिथेही आहे, आणि ती आणखी अरुंद होऊ शकते: ऑगस्ट 2025 मध्ये गूगलने जाहीर केले की प्ले स्टोअरबाहेरून बसवायच्या ॲपच्या कर्त्यांनाही आपली ओळख गूगलकडे पडताळून घ्यावी लागेल. 2026 च्या सप्टेंबरमध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडपासून सुरुवात आणि 2027 पासून इतरत्र, असा तो आराखडा आहे.

ग्राहकाच्या बाजूनेही थोडे. कमिशन शेवटी त्याच्याच खिशातून जाते. फेब्रुवारी 2023 मध्ये ट्विटरची निळी खूण भारतात आली तेव्हा संकेतस्थळावर तिचे महिन्याला 650 रुपये होते आणि मोबाइल ॲपमध्ये 900. 900 मधून 30 टक्के वजा केले तर 630 उरतात, म्हणजे फरक कुठून आला ते लगेच दिसते. कोणतीही वर्गणी घेण्याआधी तीच वर्गणी कंपनीच्या संकेतस्थळावर काय भावाने आहे, हे पाहण्यात दोन मिनिटे जातात आणि वर्षाला काही शे रुपये वाचतात. उलट बाजूही आहे: दुकानातून घेतलेली वर्गणी एका जागी दिसते आणि एका बोटाने बंद होते, तर संकेतस्थळावरची बंद करायला कधी कधी फोनवर ताटकळावे लागते. नव्या, अनोळखी कंपनीला पैसे देताना दुकानातून देणे सुरक्षित; ओळखीच्या क्लासला किंवा प्रकाशकाला थेट देणे दोघांच्याही फायद्याचे. ॲप फोनवरून काढून टाकले म्हणजे वर्गणी थांबते असे नाही, ती वेगळी बंद करावी लागते.

तक्रारीचे मार्ग दोघांचे वेगळे आहेत. पैसे कापले गेले आणि सेवा मिळाली नाही, तर ग्राहकाने आधी दुकानाकडे परतावा मागावा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. तेवढ्याने काम झाले नाही, तर वांद्रे पूर्वेला मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. धंद्यासाठी सेवा घेणारा सहसा ग्राहक या व्याख्येत बसत नाही. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्याने अपवाद ठेवला आहे, आणि घरून शिकवणी घेणाऱ्या शिक्षिकेला वकिलाने तो जरूर वाचून दाखवावा. वर्चस्वाच्या गैरवापराची तक्रार स्पर्धा कायद्याच्या कलम 4 खाली स्पर्धा आयोगाकडे जाते. ती एकट्याने चालवणे लहान माणसाला झेपणारे नाही, म्हणून क्लासचालकांच्या किंवा प्रकाशकांच्या संघटनेमार्फत जावे. तोपर्यंत दुकानाकडून आलेला प्रत्येक ईमेल, कमिशनचे प्रत्येक मासिक विवरणपत्र आणि ॲप नाकारल्याची प्रत्येक सूचना तारखेसह एका फाइलमध्ये ठेवावी.